डावा गुडघा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलाला नाही. देवीपुढे उभी राहिले तेव्हाही नाही — तिथे तर मी उलटंच करून आले, पण त्यावर शेवटी येईन. तुम्हाला सांगते आहे ते एवढ्याचसाठी, की तुम्ही मला चालताना पाहिलेलं नाही. आमच्या बऱ्हाणपुरात, लालबागेत कुणालाही विचारा, खो-खोवाल्या मॅडम कशा चालतात? ते सांगतील — चालत नाहीत हो, सुटतात. आज अडुसष्टाव्या वर्षीही भाजीवाल्याकडून घरापर्यंत ह्यांना माझ्या मागे अर्धवट पळावं लागतं.

मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं मी खेळ शिकवला. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली म्हातारी दार उघडून बघायची. खो-खो तुम्ही खेळला असालच. नसाल तर एवढं पुरे — आठ जणी एका ओळीत बसतात, नववी पाठलाग करते. ती दमली, की बसलेल्यांपैकी एकीच्या पाठीवर मागून थाप मारते आणि 'खो' म्हणते. जिला थाप बसली तिने उठून धावायचं, थाप मारणारीने तिच्या जागेवर बसायचं. सगळा खेळ त्या उठण्यात असतो. मी मुलींना ओरडून ओरडून सांगायची, पाठीवर हात पडला की विचार करायचा नाही, उठायचं. जी विचार करत बसेल तिला मी मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावायची.

का सांगते आहे हे सगळं? पुढे कळेल. किंवा — खरं सांगू? मूळ गोष्टीला हात घालायला मन धजत नाही म्हणून.

सात वर्षं झाली. माझ्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं आणि आमच्याकडे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद पडत चालले होते. आम्ही बऱ्हाणपूरवाले मोठ्याने बोलतो ते लूमच्या खटखटीवर बोलायची सवय म्हणून. त्या वर्षी ती खटखट गल्लीगल्लीतून थांबली, आणि लोक मात्र जुन्याच आवाजात बोलत राहिले. त्यामुळे सगळं गाव एकमेकांवर खेकसतंय असं वाटायचं. माझा मुलगा नीलेश, त्याचे आठ लूम होते, त्यातले दोन चालू. तो दुपारी घरी येऊन जेवायला लागला होता. धंदा चालू असलेला माणूस दुपारी घरी जेवत नाही, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

अशात संगीताचा फोन आला. संगीता माझी मुलगी — म्हणजे माझ्या हाताखालची. बुधवारा बाजारामागच्या गल्लीतल्या एका लूम कामगाराची पोर. सहावीत असताना मी तिला चिंचा पाडून पळताना पकडलं होतं, पकडायला मला अख्खी गल्ली लागली, तेव्हाच ठरवलं की ही खो-खो खेळणार. आता ती हैदराबादेत मोठ्या स्पर्धेत खेळत होती. मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात, टीव्हीवर.

"मॅडम, तुम्ही या ना," ती म्हणाली. "पब्लिकच नाही येऊन राहिली. पैसे लावणाऱ्या कंपनीने हात वर केले, पास फुकटात वाटून राहिले, तरी कोणी येत नाही. खेळते तर समोर नुसत्या खुर्च्या दिसतात. एक तरी ओळखीचं माणूस पाहिजे मला. मी विमानाचं तिकीट काढते तुमचं, जायचं-यायचं. विमानं पण भरत नाहीत आजकाल, सस्तं भेटतं."

मी कधी विमानात बसले नव्हते. पण लालबागेत एव्हाना विमान काही अप्रूपाचं राहिलं नव्हतं. ज्याची मुलं बेंगळुरू-पुण्याला, ती सगळी इंदूरहून विमानाने जायची. पापड-कुरडयांचे डबे विमानाने जायचे. आमच्या शेजारच्या वैशालीताई तर सहा वेळा जाऊन आलेल्या, आणि प्रत्येक वेळी काय खायला दिलं ते आम्हाला पाठ. त्यांनीच मला युक्ती सांगितली.

"अहो मॅडम, व्हीलचेअर लिहवून घ्या ना सीधी. काही पूछताछ नाही, काही लाइन नाही. तो माणूस तुम्हाला डायरेक्ट सीटपर्यंत सोडतो. मी हरवेल म्हणून माझ्या मुलाने पहिल्यांदाच करून दिली होती. आता तर मी तशीच जाते."

"मला? व्हीलचेअर?" मी हसले. त्यांच्या अंगणात उभ्याउभ्या मी गुडघा छातीपर्यंत उचलून दाखवला.

"कोण बघतं तिथे? सगळेच करतात."

सगळे करतात हे खरंच होतं. नंतर विचारपूस केली तर आमच्या लायनीतल्या चार घरांत धडधाकट म्हातारी माणसं अशीच बसून गेलेली निघाली. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. मला वाटलं — पण तेवढ्यापुरतंच. मग घरी येऊन मी त्या मोठ्या विमानतळाचा विचार करायला लागले. इंग्रजी पाट्या, सरकते जिने, कुठल्या खिडकीशी उभं राहायचं ते अनोळखी पोरींना विचारायचं. आयुष्यभर शिट्टी वाजवून दुसऱ्यांना रांगेत उभं केलं होतं. आता रांग कुठली हे मीच विचारत फिरणार? बावळट दिसण्याची भीती वाटली मला, बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी मी वैशालीताईंना म्हटलं, तुमच्या मुलाला सांगा. त्याने बेंगळुरूहून मोबाइलवर दोन मिनिटांत करून टाकलं. जायचं पण, यायचं पण. संगीताला कळवू नका, एवढं मात्र मी बजावलं.

इंदूरला पहिली पाच मिनिटं माझी मान वर होत नव्हती. सहाव्या मिनिटापासून मजा वाटायला लागली. हे लपवण्यात अर्थ नाही. एक मिशीवाला गृहस्थ मला ढकलत होता, लोक बाजूला होत होते, मोठमोठ्या रांगांच्या शेजारून आम्ही सरसर जात होतो. हैदराबादला उतरल्यावर बाहेर संगीता थांबलेली असणार म्हणून दाराच्या अलीकडेच मी उठले आणि बॅग खांद्याला लावली. ढकलणाऱ्याला जराही नवल वाटलं नाही. "यहाँ तक आते-आते सब ठीक हो जाते हैं, अम्मा," तो म्हणाला. मीही हसले त्याच्याबरोबर.

सामन्याबद्दल सांगायला हवं, कारण तो दिवस माझ्या आयुष्यातला फार चांगला दिवस होता, आणि दुसऱ्या दिवसाशी तो मला कधीच जुळवता आलेला नाही. एवढं मोठं बंदिस्त मैदान, आणि खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी रिकाम्या. कुठल्याशा शाळेची पोरं बस भरून आणली होती, हातात झेंडे देऊन. ती नाश्ता मिळेपर्यंत ओरडली आणि निघून गेली. मग उरलेल्या शे-दीडशे माणसांना एका बाईने विनंती करून करून कॅमेऱ्यासमोरच्या बाजूला आणून बसवलं. टीव्हीवर गर्दी दिसायला पाहिजे ना. बंदोबस्तावरच्या चार माणसांनाही टोप्या काढून आमच्यात बसवलं. माझ्या शेजारी बसलेला म्हणाला, आधीच्या वर्षी इथे उभं राहायला जागा नव्हती.

आणि संगीता खेळली. काय सांगू? पाठीवर हात टेकतो न टेकतो तोच ती उठलेली असायची. जणू तिला बसायचं ठाऊकच नव्हतं. डाव संपल्यावर खेळाडूंच्या पहिल्या गुरूंना मॅटवर बोलावलं. बोलावणी बऱ्याच जणांना गेली होती म्हणे, आलो आम्ही तिघंच. शाल दिली, आणि निवेदक गमतीने म्हणाला, मॅडम, खांबापासून खांबापर्यंत एकदा होऊन जाऊ द्या. मी पदर खोचला आणि धावले. एकसष्टाव्या वर्षी, साडीत, कॅनव्हासच्या बुटांत. पलीकडचा खांब धरून गर्रकन वळलेसुद्धा. ती शे-दीडशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि संगीता रडत होती. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. आजही पाहुणे आले की हे तो व्हिडिओ लावतात, आणि मी स्वयंपाकघरात निघून जाते. हे म्हणतात, लाजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगीता मला विमानतळावर सोडायला आली. आतल्या काउंटरपर्यंत येते म्हणाली. मी तिला दारातूनच घालवलं — तुझा सराव बुडेल म्हणून. सराव कसला? तिने मला खुर्चीत बसताना पाहू नये म्हणून. ती दिसेनाशी होईपर्यंत मी उभी राहिले, मग आत जाऊन नाव सांगितलं. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, सीढ़ी चढ़ पाएँगी? मी म्हटलं, नहीं.

काउंटरच्या कडेला भिंतीशी चाकांच्या खुर्च्यांची ओळ होती. एकीत मला बसवलं. खुर्च्या आणखीही होत्या, ढकलणारी माणसं नव्हती. तिथली देखरेख करणारी बाई कुणाला तरी फोनवर सांगत होती की कंपनीने अर्धी माणसं कमी केलीत, मी काय माझे हात लावू? शेवटी एक जण आला, चाळिशीचा, घामाघूम. त्याने माझ्या खुर्चीचं मागचं दांडकं धरलं.

तेव्हाच ते दोघं आले. त्यांच्याकडे लक्ष जायचं कारण म्हणजे बाईंच्या हातातली पिशवी. बुधवाऱ्यातल्या कापडदुकानाची, तशीच पिवळी माझ्याही घरी आहे. आपल्याकडचं माणूस इतक्या लांब दिसलं की कसं होतं? मला तर आधी आनंदच झाला. नऊवारी नेसलेली बाई, माझ्याच वयाची असेल किंवा थोडी मोठी, आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन चालणारे तिचे मालक. सदऱ्याची वरची बटणं उघडी, आत छातीवर पांढरी पट्टी. चेहरा राखाडी. चार पावलं टाकली की थांबत होते.

त्या देखरेखवाल्या बाईने सांगितलं, तुमच्या तिकिटावर खुर्ची लिहिलेली नाही, ज्यांची लिहिली आहे त्यांना आधी. माणूस मोकळा व्हायला अर्धा तास लागेल. तेवढं थांबून मग एवढं लांब जायचं, तर विमान चुकण्याचीच भीती. बाई हिंदीत काहीतरी जुळवून सांगत होत्या — ऑपरेशन झालंय, कालच सुट्टी मिळाली, रेल्वेचे धक्के सोसणार नाहीत म्हणून मुलाने विमानाचं काढून दिलं. खुर्ची आधी लिहून द्यावी लागते हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या शेजारी कुणी वैशालीताई नव्हत्या.

मग ती माझ्या मागून आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

दोन खवाट्यांच्या मध्ये. बरोबर तिथे, जिथे मी एकतीस वर्षं मुलींना हात ठेवायला शिकवलं.

"बाई, तुम्ही आपल्याकडच्याच दिसता," ती म्हणाली. "आम्ही इच्छापूरचे. तुमाले सोडून हा माणूस परत येईन का हो? ह्यायले दम लागते."

मला उठता येत होतं. याहून सरळ कसं सांगू? मी नुसतं उठायचं होतं. मला चालता येतं, यांना बसवा, एवढे शब्द. तो माणूस तिथेच होता, त्याचे हात दांडक्यावर होते, त्याला कुणाला ढकलायचं याच्याशी देणंघेणं नव्हतं. फार तर तो हसला असता. फार तर त्या काउंटरवरच्या पोरीने दुसऱ्या पोरीकडे पाहिलं असतं. आणि ही बाई — आमच्याकडची, इच्छापूरची — तिला कळलं असतं की ही मास्तरीण ढोंग करून बसली होती. उद्या बऱ्हाणपुरात कुठे भेटली तर? कुणाला सांगितलं तर? हे एवढं सगळं मी एका क्षणात मोजलं. विचार करायचा नाही म्हणून ज्या पोरींना मी फेऱ्या मारायला लावल्या, त्यांच्यापैकी एकीनेही कधी इतका विचार केला नसेल.

मी पदर पायावर ओढला. बूट दिसत होते.

आणि म्हटलं, "माझा डावा गुडघा — अजिबात चालवत नाही हो."

डावाच का म्हटलं, माहीत नाही. विचारलं नसताना सांगितलं. तिने चटकन हात काढून घेतला, जणू तिचीच चूक झाली. "नही नही, बसा तुम्ही. आम्ही जातो हळूहळू," म्हणाली. खुर्ची हलली. त्यांच्या अंगावरून आम्ही पुढे गेलो. ते म्हातारे गृहस्थ बाजूला झाले आणि मला वाट देताना त्यांनी हात जोडले.

तो रस्ता संपतच नव्हता. चकचकीत फरशी, दुकानं, वळणं. मी मागे पाहिलं नाही, पण अंतर मोजत होते. मैदानं आखण्यात आयुष्य गेलं, अंतर मला न मोजता कळतं. नंतर कितीदा तरी मी तेवढं अंतर इथे लालबागेत चालून पाहिलं आहे, वाटेत चार चार पावलांवर थांबत.

मला सगळ्यांच्या आधी विमानात नेऊन बसवलं. दुसरी ओळ, खिडकीपाशी. विमान अर्ध्याहून जास्त रिकामं होतं. सगळे बसून झाले, दार लावायची वेळ झाली, तेव्हा ती दोघं दारात आली. ते आत एक पाऊल टाकून उभे राहिले, आणि उभ्याचे खाली बसले. पडले नाहीत, हळूच बसले, ओळखीच्या ओट्यावर टेकावं तसे. धावपळ झाली. हवाई सुंदरीने वारा घातला, कुठूनसा डॉक्टर आला. त्याने नाडी पाहिली आणि मान हलवली — या अवस्थेत नेता येणार नाही. मग आली खुर्ची. दोन माणसं आली तिच्याबरोबर. त्यांना उतरवायला.

या सगळ्यात पाऊण तास गेला. लोक वैतागले होते. माझ्या शेजारचा एक टाय घातलेला माणूस घड्याळ बघत म्हणाला, ऐसे लोग आते ही क्यों हैं.

आणि मी — इथे मला थांबावंसं वाटतं, पण थांबत नाही — मी म्हटलं, "व्हीलचेयर लेनी चाहिए थी उनको."

असं म्हणाले मी. शांत आवाजात, समजूतदार बाईसारखी. उतरताना बाईंची नजर विमानातून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. तिने पिशवी धरलेला हात थोडा वर केला. येते, अशा अर्थाने. मी पण केला.

घरी आले. शाल दाखवली, व्हिडिओ दाखवला, रिकाम्या खुर्च्यांची गोष्ट सांगितली, बंदोबस्तवाल्यांच्या टोप्यांवर सगळे हसले. वैशालीताईंनी विचारलं, झालं ना सोपं? मी म्हटलं, हो, फार सोपं झालं. पुढच्या महिन्यात मी मुलींना खो शिकवायला मैदानावर उभी राहिले आणि पाठीवर हात कुठे ठेवायचा ते दाखवताना माझा हात मध्येच थांबला. मुली वाट बघत राहिल्या. उरलेलं वर्ष मी त्यांना लंगडी आणि लांब उडीच शिकवली.

त्याच वर्षी नवरात्रात मी इच्छापूरला गेले. नीलेशचे लूम भंगारात द्यायची बोलणी चालली होती, आणि इच्छादेवीकडे तरी काही मागावं, म्हणून गेले. एकटीच, बसने. टेकडीच्या पायथ्याशी उतरले तेव्हा ती दोघं मनात नव्हती म्हणाले तर खोटं ठरेल. होती. पण एवढ्या गर्दीत कोण कुणाला भेटतं?

अर्ध्या पायऱ्या मी माझ्या नेहमीच्या वेगाने चढले. वर वळणावर ती बसली होती, विसाव्याला. कपाळ मोकळं होतं. तिने मला चढताना पाहिलं का? किती पायऱ्या पाहिलं? मला माहीत नाही. आमची नजर भेटली, आणि तिचा चेहरा उजळला.

"विमानातल्या बाई ना हो तुम्ही?" ती उठलीच. "अगं माय, तशा पायाने एवढं चढून आल्या? सरका रे जरा, बाईंचे पाय दुखतात."

लोक सरकले. मला वाट झाली. आणि मी लंगडले.

कुणी सांगितलं होतं मला? मी बरी झाले म्हणू शकले असते. औषध लागू पडलं, ऑपरेशन केलं, काहीही. पण माझे पाय माझ्याआधी खोटं बोलले. मी उजवा पाय ओढत दोन पायऱ्या चढले. तेवढ्यात ती माझ्या डाव्या बाजूला आली, डावा दंड धरला आणि म्हणाली, "डावाच ना?"

मी पाय बदलला.

तिला कळलं का, हे मी सात वर्षं स्वतःला विचारते आहे. एका पायरीवर उजवा, पुढच्या पायरीवर डावा — आंधळ्यालाही कळलं असतं. पण तिने माझा दंड आणखी घट्ट धरला आणि एकेका पायरीवर थांबत मला वर नेलं. थांबत थांबत बोलत होती. तिचं नाव कमलबाई. "हे तिथंच गेले. दुसऱ्याच दिशी, दवाखान्यात. डॉक्टर म्हणे श्रम झाले." थोडं थांबून म्हणाली, "तुमाले खुर्ची भेटली व्हती ते बरं झालं बाई. नही तं तुमचेबी हाल झाले असते तेवढं चालून."

मी हूं म्हटलं.

वर गाभाऱ्यापुढे तिने मला पुढे केलं आणि माझ्या शेजारी उभं राहून मोठ्याने, देवीला हाक मारून म्हटलं, "ह्या बाईच्या पायाले आराम पडू दे माय." मग मला म्हणाली, मी दर मंगळवारी येते, तुमच्यासाठी मागत जाईन. नीलेशच्या लूमसाठी मी जे मागायला गेले होते ते मागितलं नाही. काही मागायला तोंडच उरलं नव्हतं. उतरताना पुन्हा तिने दंड धरला, बस येईपर्यंत थांबली, कंडक्टरला सांगून मला पुढची जागा मिळवून दिली. बस सुटल्यावरही मी गुडघा धरून बसले होते, इच्छापूर मागे पडेपर्यंत.

नंतर कधी गेले नाही. बसने तासाभराचाही रस्ता नाही. तिची गल्ली कुठली तेही तिने सांगितलं होतं, घरासमोर लिंबाचं झाड आहे. ऑपरेशन झालेला माणूस होता, कदाचित खुर्चीत बसूनही — हे वाक्य मी पुष्कळदा सुरू करते आणि पुरं करत नाही. ते पुरं करायचा हक्क मला नाही. मी उठले असते तर काय झालं असतं ते कुणालाच ठाऊक नाही. मी उठले नाही, एवढंच ठाऊक आहे.

लूम गेले. नीलेश आता दुसऱ्याच्या दुकानात बसतो. संगीता मुलींना शिकवते आणि दर गुरुपौर्णिमेला फोन करते. मी रोज सकाळी लालबागेतून निघून तापीकाठी राजघाटापर्यंत चालत जाते आणि चालत परत येते. माझ्या वयाच्या सगळ्या बायका गुडघ्यांना तेल लावून बसलेल्या असतात. त्या विचारतात, मॅडम, तुम्ही काय खाता?

मंगळवारी मात्र मी पलंगावरून उठायच्या आधी थोडा वेळ बसून राहते. तिकडे ती पायऱ्या चढत असेल. मग डावा पाय जमिनीवर ठेवते, अंगाचा सगळा भार त्याच्यावर देते आणि वाट पाहते.

दुखत नाही.